जुनी गाडी घेताय? आधी जुनी पॉलिसी मागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चौदा वर्षं माझं काम मोटार विम्याच्या क्लेमशी आहे. बसतो पुण्यात, पण फायली कोल्हापूरपासून चिपळूणपर्यंतच्या येतात. सोसायटीत, नात्यात कुणाचं सेकंड हँड गाडी घ्यायचं ठरलं की फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. गाडी बघताना लोक रंग, रनिंग आणि किंमत बघतात, विमा मात्र शेवटच्या दिवशी एजंटवर सोडतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

बजेट चार लाख आहे. त्यात विम्याला किती धरायचे?

चार लाख हातात असतील तर गाडी साडेतीनची बघा. उरलेले पन्नास हजार ट्रान्सफर, विमा, टायर, बॅटरी आणि पहिलं सर्व्हिसिंग यांतच जातात. ते नाहीत म्हणून विम्याला कात्री लावणारे मी फार पाहिलेत, आणि फटका नेमका पहिल्या वर्षात बसतो, कारण गाडी अजून हाताला बसलेली नसते.

विम्याचे दोन भाग असतात. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान थर्ड पार्टीत येतं. हा भाग कायद्याने सक्तीचा आणि त्याचे दर सरकार ठरवतं. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. तो भाग ऐच्छिक, आणि त्याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा. म्हणून तीन-चार कंपन्यांचे कोटेशन घ्या, पण तुलना एकाच आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर करा. एजंटने आयडीव्ही खाली ओढून प्रीमियम कमी दाखवला असेल तर ती तुलनाच नव्हे.

कुठल्या गाडीला विम्याचा खर्च कमी येतो?

थर्ड पार्टीपुरतं उत्तर सरळ आहे, कारण ते इंजिनाच्या सीसीवर ठरतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १५०० ची रेघ ओलांडली की दरवर्षी पाच हजारांहून जास्त फरक पडतो, तोही क्लेम असो वा नसो.

गंमत अशी की एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळी इंजिनं असतात. जुनी क्रेटा १.४ डिझेल मधल्या गटात येते, तीच १.६ मध्ये घेतली तर थेट वरच्या. ह्युंदाई व्हेन्यूचं टर्बो पेट्रोल इंजिन ९९८ सीसीचं आहे, त्यामुळे त्याला सर्वात कमी थर्ड पार्टी लागते. साध्या १.२ ला मात्र मधला दर. वॅगन-आर १.० आणि १.२ यांचंही तसंच. जाहिरातीत लिहिलेल्या मॉडेलवर विसंबू नका, आरसीवरचा सीसीचा आकडा वाचा.

ओन डॅमेजवर गाडीचं वय, आयडीव्ही, मॉडेलच्या क्लेमचा इतिहास आणि पासिंग कुठलं आहे यांचा परिणाम होतो. पुणे-मुंबई पासिंगचा दर कोल्हापूर-नाशिकपेक्षा थोडा जास्त असू शकतो, पण तेवढ्यासाठी गाडी निवडू नये.

जुन्या पॉलिसीवरून गाडीबद्दल काय कळतं?

खूप कळतं. बोनेट उघडण्याआधी मी विकणाऱ्याकडे चालू वर्षाची आणि जमल्यास मागच्या दोन वर्षांची पॉलिसी मागतो. पीडीएफ व्हॉट्सॲपवर यायला दोन मिनिटं लागतात. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच.

आधी नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी बघा. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की पुढच्या पॉलिसीवर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. त्याच्या पुढे वाढत नाही. मधे एक क्लेम घेतला की सहसा पुन्हा शून्य. सहा वर्षांची, एकाच मालकाची गाडी आहे आणि पॉलिसीवर ५० टक्के दिसतायत, तर सलग पाच वर्षं कंपनीकडून एक पैसा घेतलेला नाही. त्याच वयाच्या गाडीवर २० टक्के असतील, तर त्याआधीच्या वर्षी काहीतरी झालंय किंवा पॉलिसी खंडित झाली होती. काय झालं होतं ते विचारा. पार्किंगमधला बंपर असेल तर ठीक. ‘आठवत नाही’ म्हणाले तर मी गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पुढे जात नाही.

पण हा पुरावा एकट्याने पुरा पडत नाही. एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे तो आधीच्या गाडीवरून आणलेला असू शकतो. एनसीबी वाचावा म्हणून लोक डेंटिंग-पेंटिंग रोखीने करून घेतात. काही पॉलिसींत जादा पैसे भरून घेतलेलं, एनसीबी राखून ठेवणारं ॲड-ऑनही असतं. म्हणून त्याच्या जोडीला अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्टरी घ्या. नंबर देऊन विकणाऱ्यालाच ती मागवायला सांगा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवला असेल तर तोही तिथेच पकडला जातो: २०२१ मध्ये ६८ हजार आणि आज मीटरवर ५२ हजार.

पुढे तीन गोष्टी जुळवा. इंजिन आणि चासी नंबर पॉलिसीवर, आरसीवर आणि गाडीवर एकच हवेत. पॉलिसीवरचं नाव आणि आरसीवरचं नाव वेगळं असेल तर मधे एक मालक येऊन गेलाय आणि त्याने कागद पुरे केलेले नाहीत. आणि बँकेचं नाव. पॉलिसीवर हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

विकणारा म्हणतो, ‘विमा मार्चपर्यंत आहे, काळजी नको.’ खरंच नको?

या एका वाक्याने बुडालेली माणसं मी सर्वात जास्त पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडीची मालकी बदलली की मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे गेलं असं मानलं जातं. ओन डॅमेज तसं आपोआप जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने व्यवहारापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. मालकी बदलाच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, जुन्या मालकाची संमती, कंपनीचं इन्स्पेक्शन, नाममात्र फी, आणि नवी आरसी आली की तिची प्रत, एवढंच ते काम आहे.

माझ्या मावसभावाने २०१७ मध्ये स्विफ्ट घेतली. आरसी सव्वा महिन्यात त्याच्या नावावर झाली. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली, कारण ‘रिन्यूअलला बदलू’ असं एजंट म्हणाला होता. त्या पावसाळ्यात खंबाटकी घाटाच्या उतारावर गाडी घसरून कठड्यावर गेली. माणसं वाचली. बिल ८६ हजारांचं झालं. ज्याच्या नावावर पॉलिसी होती त्याची गाडी उरली नव्हती, आणि ज्याची गाडी होती त्याच्याशी कंपनीचा करार नव्हता. क्लेम नामंजूर झाला आणि कागदावर बघता मला त्यावर बोलायला जागा नव्हती. पेढे घेऊन तो घरी आला होता तेव्हा मी फक्त ‘पॉलिसी नावावर केलीस का?’ एवढं विचारायला हवं होतं. ते राहिलं, आणि म्हणून आता प्रत्येकाला विचारतो.

दुसरी अडचण एनसीबीची. पॉलिसी तुमच्या नावावर करताना जुन्या मालकाला मिळालेली सूट कंपनी उरलेल्या महिन्यांपुरती तुमच्याकडून वसूल करते. ५० टक्के एनसीबी असलेल्या पॉलिसीत ही रक्कम चांगलीच होते. पॉलिसीचे दोन-तीनच महिने उरले असतील तर ती नावावर करण्याऐवजी पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावाने नवी घेणं मला जास्त स्वच्छ वाटतं.

माझी जुनी अल्टो विकतोय. तिचा एनसीबी या गाडीला लागेल?

हो, आणि बरेच जण हा पैसा सोडून देतात. अल्टो विकल्यावर तुमच्या कंपनीकडून एनसीबी रिटेन्शन लेटर घ्या. ते साधारण तीन वर्षं चालतं आणि नव्या कंपनीलाही द्यावं लागतं. मात्र जो एनसीबी तुमचा नाही तो फॉर्मवर लिहू नका. कंपन्या आपसांत पडताळणी करतात, आणि खोटी माहिती क्लेमच्या वेळी बाहेर आली की क्लेम कापला किंवा फेटाळला जातो.

आयडीव्ही कमी लावला तर प्रीमियम वाचतो. लावू का?

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात: एक ते दोन वर्षांना २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५०. पाच वर्षांनंतर तो तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, आणि तिथेच तो खाली ओढला जातो.

समजा साडेतीन लाखांना घेतलेल्या गाडीचा आयडीव्ही दोन लाख लावला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. म्हणजे दीड लाखाच्या पुढचं बिल आलं की दुरुस्त होऊ शकणारी गाडीही गेली, आणि तुमच्या हातात दोन लाखांपेक्षा कमीच. वाचलेला प्रीमियम वर्षाला दीड-दोन हजार. आयडीव्ही बाजारभावाच्या जवळच ठेवा. फुगवूनही उपयोग नाही, कारण आकडा अवाजवी वाटला तर क्लेमच्या वेळी वाद होतो.

गाडी जुनीच आहे, नुसती थर्ड पार्टी घेतली तर?

गाडी लाखाच्या आतली असेल आणि ती गेली तर तुम्ही सोसू शकत असाल, तर घ्या. कर्ज काढून घेतलेली असेल किंवा घरातली एकमेव असेल तर नको. आणि थर्ड पार्टीही नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, नंतर ४,०००, शिवाय तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण दंडाचं सोडा. रस्त्यावर माणूस दगावला आणि विमा नसला तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई तुमच्या घरातून जाते, आणि ती लाखांत असते.

झीरो डेप जुन्या गाडीला मिळतं का? घ्यावं का?

झीरो डेप म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टच्या किमतीतून घट न कापणारं ॲड-ऑन. बऱ्याच कंपन्या ते पाच वर्षांपर्यंत देतात, काही त्यापुढेही. मिळत असेल तर पहिल्या वर्षी नक्की घ्या. का ते आकड्यांत बघा.

गाडी सहा वर्षांची आहे आणि समोरून धडकली. बंपर ८,०००, बोनेट १२,०००, काच ६,०००. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरवर ५० टक्के घट, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ४० टक्के, काचेवर काही नाही. म्हणजे कंपनी देणार ४,००० अधिक ७,२०० अधिक ६,०००, एकूण १७,२००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा. हातात १६,२००, खिशातून ९,८००, आणि रंगाच्या सामानावरची घट वेगळी. झीरो डेप असतं तर पार्टवरची घट लागली नसती.

भरवशाची म्हणून कोणती गाडी सुचवाल?

चार-पाच लाखांच्या आत पेट्रोल वॅगन-आर, स्विफ्ट, ग्रँड आय-१०, होंडा अमेझ, टाटा टियागो. ही यादी नीरस आहे हे मला माहीत आहे. पण भरवसा म्हणजे गाडी बिघडतच नाही असं नव्हे. जतला किंवा कणकवलीला बंद पडली तर फिटरला ती उघडता यावी आणि पार्ट संध्याकाळपर्यंत यावा, तो भरवसा. शेवरोले २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री थांबवून गेली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवायची घोषणा केली, डॅटसन २०२२ मध्ये संपली. यांच्या गाड्या स्वस्त मिळतात आणि फोर्डचं बांधणीचं काम मला आवडतं, पण अपघातानंतर पार्टसाठी गाडी किती दिवस गॅरेजला उभी राहील याचा हिशोब करूनच घ्या.

सालाचं एक पथ्य सांगतो. जुलै २०१९ नंतरची गाडी बघा. तोवर एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली होती. २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आली. जुलै २०१९ आधीच्या बेस मॉडेलमध्ये एबीएस आणि एअरबॅग दोन्ही नसू शकतात. माझ्या घरातलं कुणी गाडी घेत असेल तर मी रंग, म्युझिक सिस्टिम, अलॉय सगळं सोडायला सांगेन, हे नाही.

डिझेल फक्त रोजचं रनिंग मोठं असेल तर. बीएस-६ डिझेल शहरात नुसती शाळा-भाजी करत फिरली तर तिचा धुराचा फिल्टर तुंबतो, आणि ते काम महागाचं आहे. पंधरा वर्षांकडे आलेली गाडी असेल तर फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि पर्यावरण कर आधीच किमतीतून वजा करा.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चं कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ चं चिपळूण आणि महाड. प्रत्येक पुरानंतर टोटल लॉस झालेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. इंजिन काही महिने चालतं. वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नंतर त्रास द्यायला लागतात, आणि तो कधी संपत नाही.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालचा भाग सहसा कुणी धूत नाही, तिथे मातीची रेघ राहते. पुढची सीट मागे सरकवून रुळांचा गंज बघा. डिकीतली स्टेपनी काढा आणि खालच्या खळग्यात हात फिरवून बोटाला गाळ लागतो का पाहा. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात बसा, कुबट वास येईल. पाच वर्षांच्या गाडीत कार्पेट आणि सीट कव्हर कोरी करकरीत असतील तर का बदलली ते विचारा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या गाड्यांना खाऱ्या हवेने खालून गंज लागतो, तो वेगळा, त्यावरून पुराचा संशय घेऊ नका. पण पत्रा किती खाल्लाय ते बघा.

तुमची गाडी कधी पाण्यात अडकली तर स्टार्टर मारू नका. पाणी आत गेलेलं इंजिन चालू करून फुटलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन घ्यावं लागतं.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी चालेल?

किट आरसीवर चढलेलं असेल आणि पॉलिसीतही असेल तर. थर्ड पार्टीत त्याचे ६० रुपये पडतात, ओन डॅमेजमध्ये किटच्या किमतीवर थोडे. तेवढे वाचवायला लोक किट लपवतात आणि अपघातानंतर सर्व्हेअरला टाकी दिसतेच. सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे दाब तपासणीची तारीखही बघा.

दिल्ली पासिंगची गाडी निम्म्या किमतीत मिळतेय.

तिथल्या जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे ती स्वस्त आहे. इथे आणायला मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि पॉलिसीत पत्ता-नंबर बदलणं आलं. सगळे आकडे मांडा. बहुतेकांचा फायदा तिथेच विरतो.

महिन्यातून दोनदाच गाडी निघते. पूर्ण प्रीमियम का भरू?

जुलै २०२२ पासून विमा नियामक आयआरडीएआयने वापराप्रमाणे प्रीमियमचे पर्याय द्यायला परवानगी दिली आहे. वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा निवडता येते. गणपती आणि मे महिन्यातच गावी जाणाऱ्यांना ते परवडतं. मर्यादा ओलांडली तर काय, एवढं आधी वाचा.

डीलरकडून घ्यावी की थेट मालकाकडून?

ओळखीचा, एकच मालक मिळाला तर मला तो जास्त आवडतो, कारण हिस्टरी तोंडी मिळते. डीलरकडे जात असाल तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते विचारा. गाडी विकणाऱ्यांनाही सांगतो: आरसीवर नाव तुमचं आहे तोवर अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं, त्यात गाडी पुढे तीन-चार हातांतून गेली होती. सह्या करून कागद सोडून देऊ नका.

व्यवहाराच्या दिवशी नेमकं काय करायचं?

सकाळी वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक, विमा आणि कर्ज पुन्हा बघा. ई-चलान बाकी असेल तर तुमच्यासमोर भरून घ्या. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का पाहा. फॉर्म २९, ३० वर सह्या, दोन्ही चाव्या, मूळ पावत्या. पैसे खात्यातूनच द्या.

गाडी ताब्यात घेण्याआधी तुमच्या नावाची पॉलिसी चालू करा, किंवा ट्रान्सफरचा अर्ज कंपनीला मेल करून पोच घ्या. पॉलिसी खंडित झालेली असेल तर इन्स्पेक्शन होईपर्यंत गाडी तिथेच राहू द्या, एक दिवस उशीर चालतो. मग साध्या कागदावर ताबा पावती करा आणि तारखेबरोबर वेळही लिहा, ‘सायंकाळी ६ वाजून २० मिनिटे’ अशी. त्याआधीचं चलान त्यांचं, त्यानंतरचं तुमचं. दोघांच्या सह्या झाल्या की तिचा फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.